मिळून लिहिलेले पान

शाळेची घंटा पुन्हा माझ्या हाती येईल, असे मला वाटले नव्हते. निवृत्तीच्या दिवशी शिक्षकबंधूंनी मला शाल, श्रीफळ आणि एक लहानशी पितळी घंटा भेट दिली होती. शाल थंडीत उपयोगी पडते. श्रीफळाची त्याच आठवड्यात चटणी झाली. घंटा मात्र पुस्तकांच्या कपाटावर नुसती बसून होती. नातवंडे आली की ती वाजवीत, आणि ती वाजली की माझी बोटे आपोआप खडू शोधू लागत. परंतु गेल्या वर्षी, डिसेंबरातल्या एका रविवारी, त्या घंटेला पुरते एका दिवसाचे काम मिळाले. तेही कोठे? तर साताऱ्यातल्या एका पेठेत, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर, संगणकासाठी संकेतस्थळे तयार करावयास शिकणाऱ्या मुलामुलींच्या वर्गात!

हा वर्ग माझा एक जुना विद्यार्थी चालवतो. बरीच वर्षे पुण्यात नोकरी करून तो गावी परत आला आणि कोरेगाव, रहिमतपूर, मेढा अशा ठिकाणांहून एस.टी.ने येणाऱ्या तरुण मुलांना हे काम शिकवू लागला. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. खुर्चीच्या कडेवर बसला. जुने विद्यार्थी केवढेही मोठे झाले, तरी मास्तरांसमोर खुर्चीवर पुरते टेकत नाहीत.

"सर, एक अडचण घेऊन आलो आहे," तो म्हणाला. "माझ्या वर्गात बारा जण आहेत. एकेकटा बसवला, तर प्रत्येक जण हुशार. पण दोघांना एका कामाला लावले, की एक जण काम करतो आणि दुसरा बघत बसतो. उद्या कुठे नोकरीला लागले, तर तिथे एकट्याने करायचे असे काहीच नसते. एक दिवस सर्वांनी मिळून एकच काम करायचे, असे ठरवले आहे. तो दिवस तुम्ही चालवावा."

"अरे, संगणकातले मला काय कळते?"

"संगणकाचे मी बघतो, सर. तुम्ही वर्ग बघा."

वर्ग बघा, असे म्हटल्यावर कोणता शिक्षक नाही म्हणेल? शिवाय माझाही थोडा स्वार्थ होता. आमच्या आळीतल्या वाचनालयाच्या समितीवर मी आहे. तेथील पुस्तकांची सूची लाकडी खणांतल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर आहे. कित्येक कार्डांची शाई उडाली आहे आणि काही कार्डांना कसर लागली आहे. मुलांनी मिळून करावयाचे काम म्हणून मी हीच सूची सुचवली. घरबसल्या कोणालाही पुस्तक शोधता येईल असे एक संकेतस्थळ या मुलांनी करावे, असे ठरले. तीन खणांतली कार्डे मी पिशवीत घातली, घंटा घेतली, आणि रविवारी सकाळी नऊच्या आत तो जिना चढलो.

मुलांनो, संकेतस्थळे तुम्ही रोज पाहता. परंतु ती आतून कशी असतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले नसेल. मी तरी त्या दिवशी प्रथमच पाहिले. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक पानामागे लिहिलेले एक पान असते. एचटीएमएल नावाच्या लेखनपद्धतीत त्या पानावर खुणा घातलेल्या असतात : शीर्षक येथे सुरू झाले, येथे संपले; परिच्छेद येथे सुरू झाला, येथे संपला. उघडलेली खूण मिटावी लागते. मला मोठी मौज वाटली. मी उभ्या आयुष्यात मुलांच्या वह्यांतली न मिटलेली अवतरणचिन्हे शोधली, आणि येथे तोच आग्रह एक यंत्र धरून बसले होते! सकाळीच एका मुलाची ठळक अक्षरांची खूण मिटायची राहिली, तर तेथून खालचे सगळे पान, वाचनालयाच्या पत्त्यासकट, ठळक अक्षरांत ओरडू लागले. पानाचे रंग, अंतरे, मांडणी यांसाठी सीएसएस ही दुसरी पद्धत असते, आणि पानाने काही कृती करावी, म्हणजे नाव लिहिले की पुस्तक शोधून द्यावे, यासाठी जावास्क्रिप्ट ही भाषा असते.

या साऱ्या जाळ्याची कल्पना टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली मांडली. तेव्हा तो जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत काम करीत होता. ठिकठिकाणच्या संशोधकांना एकमेकांची टिपणे सहज वाचता यावीत, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ही विद्या सर्वांना विनामूल्य खुली केली. म्हणजे जी गोष्ट जन्मली तीच मुळी अनेकांनी मिळून काम करावे म्हणून, तीच शिकताना आमची बारा मुले बारा कोपऱ्यांत तोंडे करून बसली होती!

मी प्रथम कोपरे मोडले. बारा संगणकांपैकी सहा बंद करवले आणि एकेका संगणकापुढे दोन दोन खुर्च्या ठेवल्या. नियम असा की, एकाने लिहावयाचे आणि दुसऱ्याने पाहावयाचे, विचारावयाचे, सांगावयाचे. या दोघांपैकी पहिल्याला मी सारथी म्हटले आणि दुसऱ्याला वाटाड्या. वाटाड्याला पटल्याशिवाय सारथ्याने एकही ओळ पुढे जावयाचे नाही. आणि दर वीस मिनिटांनी घंटा वाजली की जागांची अदलाबदल. माझ्या विद्यार्थ्याने सांगितले की, मोठमोठ्या ठिकाणीही अशा जोड्यांनी काम करण्याची रीत आहे. घंटा मात्र तेथे नसावी.

पहिली घंटा झाली तेव्हा पाच जोड्या उठल्या; सहावी उठली नाही. त्या जोडीत एक फार चलाख मुलगी होती. तिची बोटे कळफलकावर अशी चालत, की जणू पेटी वाजवते आहे. शेजारी मेढ्याकडचा एक अबोल मुलगा बसला होता, आणि तिने लिहिलेल्या ओळी वर सरकताना नुसता पाहत होता. मी जवळ जाऊन पुन्हा घंटा वाजवली.

"सर, एवढे एक होऊ द्या. मी पटकन करते."

"पटकन करू नकोस," मी म्हटले. "आता तू फक्त बोलायचे. हात मांडीवर."

तिने हात मांडीवर ठेवले. आणि मग मी पाहिले की, जे ती इतक्या सहज लिहीत होती ते तिला शब्दांत सांगता येईना. "ते तिथे ते घाल ना... नाही रे, ते नाही, ते दुसरे," असे चालले. दोन वाक्यांनंतर ती रडकुंडीस आली. एखादी गोष्ट करता येणे आणि ती दुसऱ्यास सांगता येणे यांत केवढे अंतर आहे, हे मी शिक्षक झालो त्या वर्षी मलाही असेच कळले होते. मुलगा मात्र शांतपणे वाट पाहत होता.

आता सहा जोड्यांचे काम एकत्र कसे व्हावयाचे, ते सांगितले पाहिजे. त्यासाठी गिट नावाची एक व्यवस्था आहे. लिनस टोरवाल्ड्स याने ती २००५ साली तयार केली. लिनक्स ही संगणकप्रणाली जगभर विखुरलेले लोक मिळून लिहितात. त्यांच्या लेखनाचा मेळ घालण्यासाठी त्याला तिची गरज होती. तिची खुबी अशी की, प्रत्येकापाशी सबंध कामाची सबंध प्रत असते, तीही पहिल्या नोंदीपासूनच्या इतिहासासह. केलेला बदल नोंदवला की त्यास कमिट म्हणतात. त्या नोंदीत बदल करणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण येते. मग ती नोंद सामाईक भांडारात पाठवावयाची आणि इतरांच्या बदलांशी जुळवून घ्यावयाची. पुढे कधीही विचारले, तर कोणती ओळ कोणी व केव्हा लिहिली, हे ती व्यवस्था सांगू शकते.

कारणांच्या रकान्यात मुलांनी काय लिहावे? एकाने लिहिले होते, "बदल." दुसऱ्याने, "अजून बदल." तिसऱ्याने, "शेवटचा बदल", आणि त्याच्याखाली पुन्हा, "आता खरोखर शेवटचा बदल." येथे मात्र मी माझा अधिकार गाजवला. प्रत्येक नोंदीत कर्ता, कर्म, क्रियापद असलेले एक वाक्य हवे, असे फर्मान काढले. मुले कुरकुरली, पण दुपारी त्याच वाक्यांचा त्यांना उपयोग झाला.

एका मुलाने तेवढ्यात विचारले, "सर, दोघांनी मिळून लिहिले, तर नोंदीत नाव कोणाचे घालायचे?"

मी माझ्या विद्यार्थ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "नोंद एकाच्या नावे होते. पण तिच्या तळाशी एक ओळ जास्त लिहायची : सहलेखक अमुक. तशी रीतच आहे."

तो सहज बोलून गेला, पण मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. अजिंक्यताऱ्यावर कोवळे ऊन पडले होते. मला १९९१ सालचा पावसाळा आठवला. तेव्हा मी सातवीच्या वर्गाला मराठी शिकवीत असे. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध मी घरी लिहावयास दिला होता. वह्या तपासताना दोन निबंध अक्षरशः सारखे निघाले. दोहोंत तोच बुडालेला पूल, तीच अडकलेली बैलगाडी, तेच शब्द. मी दोन्ही वह्यांवर तांबड्या शाईने 'नक्कल' असे लिहिले आणि दोघांना वर्गाबाहेर उभे केले. त्यांतला एक जण हलक्या आवाजात म्हणाला होता, "सर, कोणी कोणाचा बघितला नाही. आम्ही दोघांनी मिळून लिहिला." मी उत्तर दिले, "निबंध मिळून लिहीत नसतात." दोघांची घरे एकमेकांना लागून होती, वीज गेली की दोघे एकाच कंदिलाशी अभ्यासाला बसत, हे मला पुढे कोणीतरी सांगितले. तोवर ते वर्ष संपले होते. त्या वर्षी त्या दोघांनी वर्गात एकमेकांशेजारी बसणे सोडून दिले होते, तेही मी पाहिले होते. त्या वेळी शिस्त लागली म्हणून मला बरे वाटले होते.

हलक्या आवाजात बोललेला तो मुलगा आता या वर्गात, फळ्याशी उभा राहून, सहलेखकाची ओळ कशी लिहावी ते सांगत होता.

मी घंटा वाजवली.

अकराच्या सुमारास एक लहानसे भांडण झाले, आणि तेच मला दिवसभरातले सर्वांत आवडले. पानाचे शीर्षक दोन जोड्यांनी वेगवेगळे लिहिले होते. एकीने लिहिले 'ग्रंथसूची', दुसरीने 'पुस्तकांची यादी'. दोन्ही बदल एकाच ओळीतले. अशा वेळी गिट कोणाचीही बाजू घेत नाही. ते दोन्ही पाठ एकाखाली एक मांडते, वरखाली बाणांसारख्या खुणांच्या रांगा घालते, आणि थांबते. मुले यास कॉन्फ्लिक्ट म्हणतात. पुढचे माणसांनी ठरवावयाचे.

मुले माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही सांगा."

'ग्रंथसूची' हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. परंतु माझ्या विद्यार्थ्याने डोळ्यांनी मला खुणावले, आणि मी तो गिळला. "हे पान कोण उघडणार आहे, त्याचा विचार करा," एवढेच म्हटले. मग चर्चा सुरू झाली. वाचनालयात येणारे निवृत्त लोक, गोष्टींची पुस्तके नेणारी लहान मुले, पाककृतींची पुस्तके मागणाऱ्या बायका, सर्वांची नावे निघाली. अखेर एका मुलीने विचारले, "येणाऱ्याला करायचे काय असते?" आणि शीर्षक ठरले, 'पुस्तक शोधा'. दोन्ही पाठ रद्द! माझाही.

मला त्या वेळी एकनाथ महाराजांची आठवण झाली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला करणाऱ्यांच्या हातून प्रतींत शिरलेले पाठभेद त्यांना पारखावे लागले. त्यांच्यापुढे बाणांच्या खुणा कोणी घालून ठेवल्या नव्हत्या. एकेक पोथी स्वतः वाचून भेद हुडकावा लागला असेल. हे मी मुलांना सांगितले. दोघांतिघांनी ऐकले, बाकीच्यांचे लक्ष घड्याळाकडे होते, कारण जेवणाची वेळ जवळ येत चालली होती.

आणि जेवणाच्या अगोदरच तो घोटाळा झाला.

साडेबाराला एका कोपऱ्यातून आवाज आला, "आमचे पान गेले!" लगेच दुसरीकडून, "आमचेही!" सामाईक भांडारात सकाळपासून जुळत आलेले काम नाहीसे झाले होते. तेथे राहिले होते फक्त सकाळचे अगदी पहिले पान आणि त्यावर एकाच जोडीचा भाग. सगळ्यांच्या माना त्या जोडीकडे वळल्या. मेढ्याचा तो मुलगा उभा राहिला, काही तरी बोलू लागला, आणि बोलता बोलताच दार उघडून जिन्याकडे निघून गेला.

काय झाले होते, ते मला नंतर समजले. त्याने आपला भाग भांडारात पाठवला, तेव्हा यंत्राने तो नाकारला. कारण मधल्या वेळात इतरांचे काम पुढे गेले होते; ते आधी आपल्याकडे घ्या, मग पाठवा, असे त्याचे म्हणणे. तो संदेश इंग्रजीत होता. मुलाला तो नीट उमगला नाही, आणि विचारण्याची त्यास लाज वाटली. त्याने कोठेतरी पाहिलेली एक आज्ञा दिली. ती आज्ञा बळजबरीची होती : इतरांचे काहीही असो, माझेच खरे धरा. यंत्राने तसे केले. आणि त्या वेळी त्याची वाटाडी कोठे होती? ती शेजारच्याच खुर्चीवर होती. परंतु कंटाळून तिने आपला बंद केलेला संगणक चालू केला होता आणि पुढचा भाग एकटीच लिहीत बसली होती.

माझा विद्यार्थी जराही चिडला नाही. तो म्हणाला, "कोणीही कशालाही हात लावू नका. सर्वांचे जुळलेले काम भांडारातून शेवटी कोणी आपल्याकडे घेतले होते?"

खिडकीजवळच्या जोडीतल्या एका मुलीने भीत भीत हात वर केला. सव्वाबारालाच तिने ते घेतले होते. तिच्यापाशी सबंध प्रत होती, प्रत्येक नोंदीसह. मुलांची ती कारणांची वाक्ये वाचून एकेक नोंद पडताळली, तिच्या प्रतीवरून भांडार पुन्हा भरले, आणि मेढ्याच्या मुलाचा भाग त्यात रीतसर जुळवून घेतला. सगळे मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू एका चुकीने जाते. बारा जणांपाशी असलेली अशी सहजासहजी जात नाही. जुन्या काळी पोथ्यांच्या नकला घरोघर करून ठेवीत, त्यामागेही हेच शहाणपण असावे.

काम परत आले, परंतु मुलगा परत आला नव्हता. मी त्याच्याकडे जावयास निघालो, तो ती चलाख मुलगी माझ्या आधी दाराशी पोचली. "सर, मी जाते," ती म्हणाली. मी दाराच्या आत थांबलो. अशा वेळी ऐकू नये हे मला समजते. पण जिना अरुंद होता आणि आवाज वर येत होता.

"चल वर."

"मी येत नाही. सगळ्यांचे घालवले मी."

"काही गेले नाही. सगळे परत आले. आणि माझे लक्ष कुठे होते? मी वाटाडी होते ना?"

तो काहीच बोलला नाही.

"हे बघ, तो शोधाचा भाग तू लिहिलास ना, कार्डावर नाव अर्धवट असले तरी पुस्तक सापडते, तो. तो कसा चालतो ते मला अजून कळलेले नाही. तू नसलास, तर दुपारी मला पुढे जाता येणार नाही."

हे ती त्याची समजूत घालण्यासाठी बोलली असे मला वाटले होते. परंतु ते खरेच होते, हे दुपारी माझ्या ध्यानात आले.

सर्वांनी डबे उघडले. बारा डबे एकमेकांत कसे मिसळले, ते सांगावयास नकोच. त्या कामात त्यांना कोणत्याही शिक्षणाची गरज नव्हती. मेढ्याच्या मुलाच्या डब्यात नाचणीची भाकरी आणि ठेचा होता. तो त्याच्या वाट्यास आलाच नाही.

दुपारी सूची पडद्यावर झळकली तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. लेखकांच्या आडनावांप्रमाणे ती लागली होती. मी चष्मा पुसून वाचू लागलो, आणि मला काहीतरी खुपले, परंतु ते काय, हे मी सांगण्याआधीच तो अबोल मुलगा म्हणाला, "सर, क्रम चुकला आहे."

सकाळच्या घोटाळ्यानंतर हे बोलणे सोपे नव्हते. सर्व जण त्याच्याकडे पाहू लागले. तो पडद्याजवळ गेला. "इथे काळे आधी आले आहेत आणि कावळे नंतर. तिथे गोळे आधी आणि गोवंडे नंतर. माझ्या आडनावात ळ आहे, सर. शाळेच्या हजेरीत माझे नाव मागे असायचे. इथल्या क्रमाने ते पुढे येईल."

मी त्याची पाठ थोपटली. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, हे तुम्ही पहिलीतच पाठ केले आहे. मग संगणकाने ळ ला मध्येच का बसवले? माझ्या विद्यार्थ्याने फळ्यावर आकडे लिहिले. जगातल्या लिप्यांतील अक्षरांना युनिकोड या व्यवस्थेत क्रमांक दिलेले आहेत. ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७, आणि ह चा २३६१. भारतीय लिप्यांचा आराखडा शक्य तितका एकसारखा राहावा, अशा बेताने हे क्रमांक बसवले गेले. त्यात ळ ला ल चा शेजार मिळाला. संगणकास वर्णमाला ठाऊक नसते. तो लहान आकडा आधी आणि मोठा आकडा नंतर एवढेच जाणतो. (क्ष आणि ज्ञ यांची कथा आणखी निराळी आहे, तीत मी शिरलो, तर हा पाठ संपणार नाही.)

"मग सर, आपण ळ ला दुसरा क्रमांक देऊ या का?" एकाने विचारले.

"तो आपल्या एकट्याचा नाही," माझा विद्यार्थी हसून म्हणाला. "जगातला प्रत्येक ळ त्याच क्रमांकावर आहे. पण प्रत्येक भाषेची रीत निराळी असते, हे जाणणाऱ्यांनी सोय करून ठेवली आहे. यादी मराठीच्या रीतीने लाव, असे त्याला सांगता येते. शोधा."

तो मुलगा सारथ्याच्या जागी बसला, ती मुलगी वाटाड्याच्या. या वेळी तिचे हात मांडीवर होते, आणि ते ठेवावयास तिला कोणी सांगितले नव्हते. ती वाचून अर्थ सांगत होती, तो एकेक शब्द लिहीत होता. दोनदा चुकले. मध्ये घंटेची वेळ झाली. मी घंटा वाजवली नाही. माझ्याच नियमाचा मी केलेला तो भंग कोणाच्याही लक्षात आला नाही. तिसऱ्या खेपेस कावळे वर गेले, काळे खाली उतरले, गोरे, गोवंडे, गोळे ओळीने उभे राहिले. मी चाळीस वर्षे वर्णमाला शिकवत वा ऐकत आलो, परंतु तिचा क्रम पाहून डोळ्यांत पाणी येईल असे कधी वाटले नव्हते.

संध्याकाळी साडेपाचला शेवटची घंटा दिली. काम पुरे झाले नव्हते. दोन खणांतली कार्डे भरून झाली होती. तिसऱ्यातली पिशवीतच राहिली. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर पान अजून वेडेवाकडे दिसत होते. परंतु एस.टी.च्या वेळा कोणासाठी थांबत नाहीत. मुले धडधडत जिना उतरली. शोधाच्या भागाची शेवटची नोंद मी जाताना पडद्यावर वाचली. वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद होते. नोंद मुलाच्या नावे होती, आणि तळाशी सहलेखक म्हणून त्या मुलीचे नाव होते.

आम्ही दोघेच राहिलो. तो खिडक्या लावू लागला. मी घंटेच्या लोळीला रुमाल गुंडाळला, म्हणजे वाटेत ती वाजू नये. दाराला कुलूप लावून तो वळला, तेव्हा मी विचारले, "सातवीतला तो निबंध तुझ्या लक्षात आहे का रे?"

तो क्षणभर थांबला. "आहे, सर."

"त्या दिवशी मी चुकलो होतो."

त्याने त्यावर काही म्हटले नाही. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून तो म्हणाला, "पुलावरून पाणी गेल्याचे ते वाक्य त्याचे होते, सर. बैलगाडी माझी. मधले कोणाचे, ते आम्हांला तेव्हाही सांगता आले नसते."

"तो हल्ली कोठे असतो?"

"कराडला. छापखान्यात आहे. तुम्ही पुढच्या रविवारी येणार असाल, तर त्यालाही बोलावतो. तिसऱ्या खणाची कार्डे राहिलीच आहेत."

"बोलाव," मी म्हटले, आणि पिशवी त्याच्या हाती दिली.